मोहाडीत भलतंच शिजतंय

कानावर आलं ते खोटं निघावं असं फार वाटत होतं, पण आता झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मोहाडीत माणसं पदरचे पैसे मोजून धूर विकत घ्यायला लागली आहेत. चांगल्या घरची माणसं! ज्यांच्या स्वयंपाकघरात दोन-दोन सिलिंडर आहेत, ओट्यावर विजेची चिमणी आहे आणि फोडणीचा ठसका बैठकीत पोचला तर ज्यांची चिडचिड होते, अशी. रविवार उजाडला की हीच मंडळी गाडीच्या डिक्कीत एक काळी पेटी टाकतात, वैनगंगेच्या रेतीत नाहीतर ओळखीच्या कोणाच्या बांधीवर जातात आणि डोळे पुसत, खोकत, दुपार कलेपर्यंत कोळसे फुंकत बसतात. संध्याकाळी त्यांचे फोटो येतात. फोटोत खोकला दिसत नाही.

पेटी म्हणजे शाळेच्या दप्तराएवढा पत्र्याचा डबा. पाय घडीचे, ते उलगडायचे. पोटात लाकडी कोळसा, वर सळ्यांची जाळी, बाजूला हवेसाठी भोकं, ती उघडझाप करायला पत्र्याची एक चकती, आणि उचलायला लाकडी मूठ. आमच्या नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या कोळशाच्या इस्त्रीची ही सख्खी चुलत बहीण म्हणावी. फरक एवढाच की तिच्याखाली शर्ट असतो आणि हिच्यावर कोंबडी. हजार-दीड हजारापासून पुढे पाहिजे तेवढी किंमत, आणि येते कुरियरनं. ज्या तालुक्यात वरठीला सनफ्लॅगचा पोलादाचा कारखाना उभा आहे, ज्या भंडाऱ्याच्या पितळेच्या भांड्यांनी आपल्या आज्यांच्या मांडण्या भरल्या, तिथल्या माणसांनी बोटानं दाबला तर वाकेल असा पत्रा बाहेरून मागवावा! पण बोलायची सोय नाही. बोललं की "तुम्हाला कॅम्पिंग कळत नाही" असं ऐकून घ्यावं लागतं.

सुरुवात कुठून झाली याबद्दल दोन मतं आहेत. एक मत सांगतं, बदलून आलेल्या कुठल्याशा साहेबांनी आणली आणि साहेबांकडे आहे म्हटल्यावर कचेरीला राहवेना. दुसरं मत असं की शाळेतल्या एका गुरुजींना वेतन आयोगाचा फरक मिळाला, बाईंना वाटलं आता सोन्याचं काहीतरी होईल, आणि घरी खोकं आलं ते हे. दुसरं मत जास्त खरं असावं, कारण त्या बाई अजून त्या पेटीकडे बघत नाहीत.

खरा गवगवा झाला तो मात्र पुण्याहून आलेल्या एका जवाईबापूंमुळे. दिवाळीचा पाहुणचार. सासुरवाडीत शेवया, अनारसे, तुपात बुडवलेली पुरणपोळी, सगळं झालं. जवाईबापूंनी ढेकर दिली आणि म्हणाले, उद्या तुम्ही सगळे आराम करा, उद्याचा स्वयंपाक माझा, नदीवर. सासूबाईंना भरून आलं. मामाजींना शंका आली. पण जवायाचा शब्द!

दुसऱ्या दिवशी नदीवर जे झालं ते सगळ्या मोहाडीला ठाऊक आहे. पेटीत काठोकाठ कोळसा. त्यावर रॉकेल, तेही बहुधा अर्धी बाटली. ज्वाळा डोक्याएवढ्या उठल्या. जवाईबापूंना तेच पाहिजे होतं, कारण व्हिडिओ चालू होता. त्या ज्वाळांवरच त्यांनी मसाला लावलेली कोंबडी अंथरली. चरबी खाली टपकली, ज्वाळा अजून उठल्या, आणि पाच मिनिटांत तंगड्या अशा काळ्या झाल्या की त्या कोळशातून वेगळ्या ओळखायला चिमटा लावून पाहावं लागलं. आतून मात्र कोंबडी अजून जिवंतपणाच्या आठवणीत. वास रॉकेलचा. आणि या सगळ्यात झाडाखाली सतरंजीवर बसलेल्या आजेसासूबाई, नव्वदीच्या घरातल्या, शांतपणे म्हणाल्या,

"काऊन जी जवाईबापू, घरचा गॅस सरला का?"

"नाही आजी, याला चव वेगळी येते."

"येते ना. घासलेटाची येते."

मग त्या उठल्या. इथून पुढची हकिगत सांगताना सांगणाऱ्यांचा आवाज जरा खाली येतो, कारण पाहुण्याची लाज राखायची असते. आजीनं मांस बाजूला काढायला लावलं. कोळसा एका अंगाला ढीग करून लोटला, दुसरं अंग मोकळं ठेवलं. ज्वाळा बसेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. जवाईबापू दर दोन मिनिटांनी विचारत, आता? आजी म्हणत, "कोरसा लाल नाई, पांढरा होऊ द्या. घाई कोनाले आहे?" अर्धा तास गेला. निखाऱ्यांवर राखेचा पांढरा पापुद्रा चढला, धूर जवळजवळ थांबला, वर तळहात धरला तर तीन-चार आकडे मोजेपर्यंत सोसवेना. तेव्हा कुठं आजीनं उरलेले तुकडे मोकळ्या अंगाला मांडले, वरून झाकण, आणि शेवटी दोन मिनिटं निखाऱ्याच्या बाजूला. जेवण झालं म्हणे झकास. जवाईबापूंनी संध्याकाळी व्हिडिओ टाकला, त्यात आजी दिसत नाहीत.

आता मला सांगा, यात बेअब्रू कोणाची? पेटीची तर नक्कीच नाही. पेटी बिचारी शहाणी आहे. तिची भोकं उघडली की निखारा फुलतो, मिटली की मंदावतो. आच खालीवर करायची सगळी सोय तिच्यात आहे. ज्वाळेवर भाजत नसतात, निखाऱ्यावर भाजतात, एवढी एक गोष्ट कळली की ती गुणाची. पण तिला घेऊन हिंडणाऱ्यांनी तिच्यावर जे अत्याचार चालवले आहेत ते ऐकून अंगावर काटा येतो. एका महाभागानं वीटभट्टीवरून दगडी कोळसा उचलून आणला. कोळसा तो कोळसा, त्यात काय! गंधकाचा वास मारणारं पनीर त्या दिवशी कुत्र्यानंही हुंगून सोडलं. दुसऱ्यानं मूळची जाळी वाकली म्हणून जुन्या कूलरची जाळी कापून बसवली. विदर्भात कूलरची जाळी कशालाही चालते हे मान्य, पण तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो, आणि तापलेल्या जस्ताचा धूर पोटाला आणि छातीला काय करतो ते वेल्डिंगवाल्या पोरांना विचारावं. तिसऱ्यानं मोटारपंपाच्या खोलीतून वायर ओढली आणि बायकोचं केस वाळवायचं यंत्र लावून निखारे फुलवले. राख उडाली ती थेट दह्याच्या पातेल्यात. रायतं करड्या रंगाचं झालं. बायकोला यंत्राचा हिशेब अजून मिळालेला नाही.

आणि हो, हे थोडं गंभीरपणे: थंडीच्या रात्री पेटी तंबूत घेऊन शेकत बसायची टूम निघाली आहे, असंही ऐकते. ती मात्र चेष्टेची गोष्ट नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि धूर दिसत नसतानाही तो निघतच असतो. बंद खोलीत कोळशाची सिगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या उत्तरेकडून दर हिवाळ्यात येतात. पेटी बाहेर. राख पाण्यानं विझवून, हातानं चाचपून, मगच डिक्कीत.

बरं, हे वेड आपल्याच गावात उगवलं असंही नाही. मोठमोठ्या माणसांची डोकी यात काळी झाली आहेत. मोटारवाला हेन्री फोर्ड घ्या. तेव्हाच्या मोटारींत लाकूड पुष्कळ लागे, म्हणून त्यानं मिशिगनमध्ये जंगल आणि लाकडाचा कारखाना घेतला. जंगल मिळवून देणारा होता एडवर्ड किंग्सफर्ड, फोर्डच्या नात्यातला. लाकूड कापून ढलप्या आणि भुसा उरायचा, आणि फुकट काही जाऊ देणं फोर्डच्या स्वभावात नव्हतं. १९२०च्या दशकात त्यानं त्या उरल्यासुरल्याचा कोळसा करून, पिठाच्या खळीनं त्याच्या वड्या पाडल्या आणि विकल्या कुठं? मोटारींच्या दुकानात! पुढं तर तिथं कोळसा आणि छोटी ग्रिल असा सहलीचा संचच मिळू लागला. मोटार घ्या, सहलीला जा, कोळसा जाळा, संपला की परत या. व्यापारी म्हणावा तर असा. नंतर त्या वड्यांना नाव मिळालं ते किंग्सफर्डचं. आणि १९५२ साली शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसानं, जो वेबर ब्रदर्सच्या पत्र्याच्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे बोये बनवत असे, एक बोया मधोमध कापून त्याची गोल झाकणाची ग्रिल केली. वाऱ्यात राख उडते, याला तो कंटाळला होता. आमच्या करड्या रायत्याची कथा त्यानं ऐकली असती तर गळ्यात पडून रडला असता.

त्यातली मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. हाच फोर्ड, सोबत एडिसन, टायरवाला फायरस्टोन, असे सगळे मातब्बर उन्हाळ्यात जंगलात तंबू ठोकायला जात. साधं जीवन, निसर्गाची ओढ, लाकडं स्वतः फोडतानाचे फोटो. आणि मागून येणाऱ्या गाड्यांमध्ये स्वयंपाकी. म्हणजे तिकडंही फोटोत एक आणि रांधणारा दुसराच.

इथंच आमच्या चर्चेचं खरं भांडं उतू जातं. मोहाडीच्या या नव्या बल्लवाचार्यांना शनिवारी रात्री नीट बघा. मांस धुतंय कोण? घरातली बाई. आलं-लसूण वाटतंय कोण? बाई. दही, तिखट, हळद, मोहरीचं तेल लावून भांडं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतंय, कांदे चिरतंय, चटणी करतंय, डब्यात पोळ्या भरतंय कोण? आणि रविवारी नदीवर हातात चिमटा घेऊन, डोक्यावर उलटी टोपी घालून, "आज स्वयंपाक माझा" म्हणतंय कोण? संध्याकाळी ती चिकट, काळी जाळी राख आणि काथ्यानं घासत अंगणात बसलेलं माणूस तर सांगायलाच नको.

१ मे २०१६ला बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली ती बायकांच्या डोळ्यांतला धूर जावा म्हणून. त्याच्याही आधी कितीतरी घरांत सासवासुनांनी रडून-भांडून चुली फोडून गॅस आणवले. फुंकणी माळ्यावर गेली. आणि आता त्याच घरातला पुरुष, ज्यानं आयुष्यात चुलीजवळ पाट मांडला तो फक्त जेवायला, तो पैसे देऊन धूर आणतो आणि त्याला त्याबद्दल शाबासकी पाहिजे. आई जन्मभर धुरात होती तेव्हा तिचे फोटो कोणी काढले नाहीत.

अन्याय नको म्हणून एक कबूल करायला पाहिजे. आपल्याकडचा पुरुष बाहेर कधी रांधतच नाही, असं नाही. रोडग्यांचा स्वयंपाक असला की पाहावा! रवाळ कणीक तेलाच्या मोहनात मळायची, थरांचे गोळे करायचे, गोवऱ्यांचा जाळ पेटवून खाली बसू द्यायचा आणि त्या फुफाट्यात गोळे पुरून भाजायचे. कुठं पळसाच्या पानात गुंडाळून पानगे. राख झटकायची, फोडायचे, वर तुपाची धार, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. या कामाला गावोगावचे पुरुष पुढं असतात आणि उत्तम करतात. पण तिथं कणीक मळण्यापासून हंडे घासण्यापर्यंत सगळं त्याच टोळीचं असतं. कोणी एकटा चिमटा हातात धरून नायक होत नाही. आणि त्यात काही विकत घ्यायचं नसतं, हा बहुधा त्याचा मोठाच दोष असावा. ज्याची पेटी कुरियरनं येत नाही त्याचं कौतुक कसं करायचं?

पेटीवर रोडगे होतात का, असाही एक वाद चावडीपर्यंत गेला होता. होतात, पण लहान, चपटे, झाकण लावून, निखाऱ्यापासून लांबच्या अंगाला ठेवून, आणि दर थोड्या वेळानं उलटत. गोवरीच्या राखेतली चारी बाजूंची ऊब पत्र्यात येत नाही. वांगी मात्र पेटीवर अशी भाजून निघतात की गॅसवरचं भरीत त्यानंतर पानात नको वाटतं. आणि मच्छी! इतकी तळी असलेल्या जिल्ह्यात लोक नदीवर बसून ब्रॉयलर कोंबडी काळी करतात हे मला न समजलेलं कोडं आहे. ढिवराकडून ताजी मरळ आणावी. मांस घट्ट, बारीक काटे नाहीतच म्हणा, जाळीवर फुटत नाही. जाळी आधी कडक तापवून तिला तेलाचा बोळा फिरवला, मच्छीला दोन्ही अंगानं चिरे दिले आणि उलटायची घाई केली नाही, म्हणजे ती आपली आपण सुटते. रोहू मात्र पेटीवर नको. काटे काढता काढता गप्पा संपतात.

पंचांगानं यात आणखी गंमत केली आहे. श्रावणात पेटी माळ्यावर. गणपतीत माळ्यावर. मग पितृपक्ष, मग चौंडेश्वरीचं नवरात्र. दिवाळीनंतर जरा मोकळीक मिळते तोच मार्गशीर्षातले गुरुवार. एका घरी गुरुवारी पेटी पेटलेली दिसली म्हणून शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. जाळीवर रताळी होती. रताळी, उपासाची! तिची जी निराशा झाली ती अजून बाजारात सांगत हिंडते आहे.

उन्हाळा लागला की वेगळी चिंता. होळीच्या आगेमागे पळस फुलतो, पानगळ होते, रानात पायाखाली कुरकुरीत पाचोळा. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवून द्यायची जुनी खोड आहेच, आणि वनखातं दर वर्षी त्यानं वणवे लागतात म्हणून कपाळाला हात लावतं. त्यात आता ही हौशी पेटीवाली मंडळी करडीच्या पलीकडं कोक्याकडं गाड्या वळवतात. कोका २०१३ साली अभयारण्य झालं. त्याच वर्षी नवेगाव-नागझिऱ्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला किंवा जळती सोडून जायला त्यात सरळ मनाई आहे. "आमच्या आगीला पाय आहेत, ती जमिनीला लागत नाही," असा युक्तिवाद एका वकिलाच्या पोरानं केला म्हणे. पाय आगीला नसतात बाबा, पेटीला असतात. ठिणगीला तर पंख असतात. पेटवायचंच तर नदीच्या ओल्या रेतीत पेटवा. तिथं रेतीच्या ट्रकांपासून जागा उरली असेल तर.

आणि आता ताजी खबर, जी अजून सगळ्यांपर्यंत पोचलेली नाही. कार्तिकातल्या आवळा नवमीला इथल्या एका बचत गटातल्या बायांनी आवळी भोजनाला जायचं ठरवलं. एकीनं नवऱ्याला न विचारता घरची पेटी उचलली. दुसरीनं डिक्कीतून कोळशाची थैली काढली. बांधावरच्या आवळ्याखाली बसल्या. रॉकेल नाही, ज्वाळा नाहीत. वांगी भाजली, तुरीच्या ओल्या शेंगा भाजल्या, पळसाच्या पानात छोटे पानगे लावले, आणि तोवर गप्पा, ज्या इथं छापता येणार नाहीत. फोटो एकीनंही काढला नाही, म्हणून तर हे प्रकरण इतके दिवस दबलं.

उघड झालं ते फोनमुळं. ज्यांची पेटी, त्या भाऊंना घरी चहा करायचा होता. अर्धा अर्धा तास निखारा सांभाळणारे, हवेच्या भोकांवर व्याख्यान देणारे भाऊ. फोन आला, तो बाईनं सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"अवं, गॅसचा लायटर कुठं ठेवला?"

बाईनं पानगा उलटला, तुपाची वाटी पुढं सरकवली आणि म्हणाली,

"फुंकून पाहा ना जी."